थेंबभर तेल

लोखंड मोठे बलवान. परंतु ओल्या हवेच्या संगतीत ते राहिले, की त्याला गंज चढतो आणि ते झिजू लागते. कृष्णाकाठच्या माणसांना ही गोष्ट शिकवावी लागत नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून वाहत येते, कराडला कोयनेला भेटते आणि पुढे सांगलीकडे वळते. घाटमाथ्यावर पावसाची झड लागली, की या मुलखात ओलावा घराघरांत शिरतो. दारांच्या बिजागऱ्या कुरकुरू लागतात, कडी-कोयंडे अडतात, पेटीचे कुलूप किल्लीला दाद देत नाही. म्हणून जुनी माणसे मृग लागण्यापूर्वीच तेलाची वाटी घेऊन घरभर हिंडत. नांगरट संपली, की फाळ पुसून त्याला तेलाचा हात देत. बैलगाडीच्या कण्याला वेळच्या वेळी वंगण घालीत.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात मात्र केवळ ओलावा नव्हे, तर नदीच घरात आली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांपलीकडे गेले. नदीकाठच्या गल्लीतील एका आक्कांचे घर त्यात बुडाले. आक्का शिवणकाम करून संसार चालवीत. पूर ओसरल्यावर त्या परतल्या, तेव्हा त्यांचे पायाने चालवायचे शिवणयंत्र गाळात रुतलेले दिसले. त्यांनी गाळ धुतला, यंत्र उन्हात ठेवले. पण चाक जागचे हलेना. त्याच यंत्राच्या आधारावर दोन मुलींची लग्ने झाली होती आणि आता नातवाची शाळा चालली होती. आक्का काहीच बोलल्या नाहीत. पदराने यंत्र पुसून त्या उंबऱ्यावर बसून राहिल्या.

नातवाला ते पाहवेना. त्याने हातोडी उचलली. ‘‘आजी, एक ठोका घातला, की सुटेल बघ!’’

‘‘थांब बाळा!’’ मागून आवाज आला. आक्कांचे धाकटे बंधू मदतीसाठी पाटणहून एस. टी.ने आले होते. शेतावरची इंजिने दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. घरात सारे त्यांना आबा म्हणत. ‘‘हे बिडाचे चाक आहे. बीड ठिसूळ असते. ठोका घातलास, तर ते सुटणार नाही, फुटेल.’’

आबांनी पिशवीतून एक लहानसा डबा काढला. त्याचे टोक दाबताच बारीक फवारा सुटला. चाकाचा कणा, सुईचा दांडा, आतले सांधे अशा जागा हेरून त्यांनी तो मारला आणि म्हणाले, ‘‘आता सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही.’’

रात्री नातवाने विचारले, ‘‘आबा, नुसत्या तेलाने गंज कसा सुटणार?’’

आबा म्हणाले, ‘‘पाणी आणि तेल एकत्र नांदत नाहीत, हे तू पाहिलेच आहेस. हे पातळ तेल केसाएवढ्या फटीतही शिरते, धातूला बिलगते आणि तेथले पाणी बाजूला सारते. त्यातला उडून जाणारा भाग उडून जातो आणि मागे तेलाचा पातळ थर उरतो. गंज भिजला, की त्याची पकड ढिली होते. पण त्याला वेळ द्यावा लागतो.’’

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. १९५३ साली अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात एका छोट्या कंपनीतील माणसे गंज रोखणारे द्रव्य शोधीत होती. पाणी हटवणारे मिश्रण साधायला त्यांना चाळीस प्रयत्न करावे लागले. म्हणून त्याच्या नावातच तो आकडा राहिला : डब्ल्यूडी-४०. अ‍ॅटलास नावाच्या क्षेपणास्त्राचे पातळ कवच गंजू नये, म्हणून ते वापरले गेले. पुढे तेथील कामगार ते घरी नेऊ लागले आणि १९५८ साली त्याचे फवाऱ्याचे डबे दुकानांत आले. क्षेपणास्त्रासाठी जन्मलेले तेल असे घराच्या बिजागरीपर्यंत पोहोचले.

‘‘म्हणजे एकोणचाळीस वेळा चुकले?’’ नातवाने विचारले.

‘‘चुकले, पण हातोडी उचलली नाही!’’ आबा हसले.

सकाळी आबांनी नातवाचाच हात चाकावर ठेवला. चाक बोटभर हलले आणि थांबले. पुन्हा फवारा, पुन्हा वाट पाहणे. दुपारी ते अर्धे फिरले. तांबूस पाणी ओघळून आले, ते चिंधीने टिपले. संध्याकाळी चाकाने पूर्ण फेरा घेतला. कुजलेला चामडी पट्टा बदलला. मग आबांनी शिवणयंत्राच्या तेलाची बुधली काढली आणि प्रत्येक छिद्रात एकेक थेंब सोडला. ‘‘फवारा वाट मोकळी करून देतो, रोजचे चालणे मात्र या तेलावरच,’’ ते म्हणाले.

नातवाला आता चैन पडेना. डबा घेऊन तो घरभर फिरला. अडलेले कुलूप उघडले, कुरकुरणारे दार मुके झाले, छत्रीच्या काड्या सहज उघडू लागल्या. नव्या स्टीलच्या डब्यावरील चिकट कागदाचा डिंकही बाहेरून निघाला. आजीने तो डबा लगेच साबणाने घासून घेतला. नातू विळीकडे वळताच मात्र आबांनी हात धरला. ‘‘अन्नाला लागणाऱ्या वस्तूंना घरातले खाण्याचे तेलच लावायचे. सायकलच्या ब्रेकजवळ हा फवारा नेलास, तर ब्रेक लागणार नाही. आणि शेगडीजवळ तर मुळीच नको. हा पेट घेतो.’’

त्या रात्री गल्लीत पुन्हा शिवणयंत्राची ओळखीची टकटक ऐकू आली. आक्का नातवाचे पुरात फाटलेले दप्तर शिवीत होत्या. नातू शेजारी बसून सुईची वर-खाली पाहत होता.

पुढच्या रविवारी त्याने कोणी न सांगता तेलाची बुधली काढली आणि मोजून एकेक थेंब सोडला. हातोडी केव्हाच माळ्यावर गेली होती.