मुंगीने दिलेली हाक

शाळेची सहल म्हटली की किल्ला, धरण नाहीतर समुद्र. यंदा मिरजगावहून मुलांची सहल राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कीटक बघायला निघाली, तेव्हा घरोघरी एकच प्रश्न होता : पैसे भरून किडे काय बघायचे? ते तर शेतात फुकट आहेत!

आमची सहावीतली लेक मात्र वही भरून परतली. पेटीत टाचणीने टोचून ठेवलेले कीटक तिने काढून आणले होते. कीटकाला पाय सहा. कोळ्याला आठ, म्हणून कोळी कीटक नव्हे. ढालकिडा पिकावरचा मावा खातो. ट्रायकोग्रामा नावाचा इवलासा कीटक किडीच्या अंड्यातच आपली अंडी घालतो. शेतात दिसणारा प्रत्येक किडा वैरी नसतो, मित्रकीटकही असतात.

रात्री दस्तरख्वानावर वही उघडली गेली. तिच्या दादी म्हणाल्या, "बेटा, कुरआनात मधमाशी, मुंगी आणि कोळी या तिघांच्या नावाच्या सूरह आहेत." १६ वी अन्-नह्ल, २७ वी अन्-नम्ल आणि २९ वी अल्-अन्कबूत. मग त्यांनी हजरत सुलैमान (अ.स.) यांचा किस्सा सांगितला. लष्कर येताना पाहून एक मुंगी इतर मुंग्यांना घरात शिरायला सांगते; नाहीतर सुलैमान आणि त्यांचे सैन्य नकळत आपल्याला चिरडेल, अशी तिला भीती असते. हे ऐकून पैगंबर हसले आणि त्यांनी अल्लाहचे आभार मानले.

लेकीने त्यातला 'नकळत' हा शब्द धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा बियाण्याच्या कांद्यावर फवारणी करणार होते. कांदा ऐन फुलात होता.

"चाचा, आत्ता फुलांवर मधमाश्या आहेत. त्या मेल्या तर बी धरणार कसं?"

"आणि फुलकिडे वाढले तर? सोसायटीचं कर्ज मधमाश्या फेडणार का?"

चाचांचे म्हणणे खोटे नव्हते. वर्षाचा हिशेब त्याच वाफ्यांवर होता. पण कांद्याच्या फुलात बी भरायला मधमाशी लागते, हेही त्यांना ठाऊक होते. पंप त्या दिवशी खाली ठेवला गेला. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावायचे, आणि फवारावेच लागले तर मधमाश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर, असे ठरले. बी किती भरले ते काढणीनंतरच कळेल. इन्शाअल्लाह बरेच होईल.

आम्हाला एवढेच वाटते की, एकदा कळल्यावर 'नकळत' म्हणायची सोय उरत नाही. सहलीची वर्गणी जमत नसेल, तर एखाद्या रविवारी मुलांना बांधावर न्या. पाय मोजू द्या, पान उलटून मावा शोधू द्या. मग ती जे विचारतील, त्याला "तुला काय कळतंय?" म्हणून गप्प करू नका.