तर्डोबाचा रफार

रात्री पुन्हा ‘वेबॅक मशीन’ उघडून बसलो. 2001 मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या वेबपानांच्या या साठ्यात जुन्या मराठी वर्तमानपत्रांची पानं आहेत. मला त्यांतलं शिरूर-दौंडपुरतं हवंय. पण मजकूर वेगळा काढला की हाती येतो रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला! युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, तरी पुढची कित्येक वर्षं मराठी संकेतस्थळं आपापल्या फॉन्टवर चालली. फॉन्ट नसेल तर पान उघडूनही वाचता येत नाही.

बरं, नुसती अक्षरं बदलून भागत नाही. ‘शिरूर’मधली पहिली वेलांटी त्या फॉन्टांत ‘श’च्या आधी साठवलेली, युनिकोडला ती नंतर लागते. ‘तर्डोबाची वाडी’ हे गावाचं नाव तर घामच काढतं. जुन्या फॉन्टात रफार ‘डो’च्या मागून येतो, तो उचलून ‘ड’च्या आधी न्यावा लागतो.

मजकूर वेगळा काढायला वापरतो ते ‘ट्राफिलातुरा’ हे पायथनमधलं साधन मेनू, जाहिराती गाळून मुख्य मजकूर ठेवतं. काम चोख, पण अशा साधनांना तोकड्या ओळींचा भारी संशय. दौंडची दोन ओळींची बातमी, कांद्याचे भाव कचऱ्यात जाऊ शकतात. जुने भाव कशाला, असं कुणी विचारेल. मला अग्रलेखापेक्षा तेच हवेत. म्हणून चाळणी थोडी सैल केली. जाहिराती आल्या तर येऊ देत, हाताने काढेन.

कोणत्या चिन्हाचं कोणतं अक्षर, हा एका वर्तमानपत्राचा तक्ता आता बसलाय. दुसऱ्याला तो चालत नाही, त्याचा फॉन्ट वेगळा.