बसलेला आवाज

“ताई, त्यांचा आवाज बसला होता. तुम्ही त्याचं काहीच विचारलं नाही.”

बाई उठून गेल्याला पाच मिनिटं झाली असतील. माझी नोंद लिहून झाली होती. नवऱ्याचं पिणं, पगार घरी न येणं, दोनदा चापट, माहेरी जायची तयारी नाही. पुढच्या मंगळवारची तारीखही दिली होती. हाताखाली शिकायला आलेली मुलगी दाराजवळच्या स्टुलावर बसून सगळं बघत होती. ती हे बोलली आणि मला आधी रागच आला. तीस वर्षं मी समुपदेशनाच्या या खुर्चीत बसते आहे. बसलेला आवाज मला कळणार नाही?

मला कळला नव्हता. मुलगी तशीच अनवाणी धावली. बाई रिक्षाच्या थांब्यावर सापडली. परत आल्यावर मी विचारलं, “घास गिळताना दुखतं का?” ती म्हणाली, “परवापासून पेजेवरच आहे.” सरकारी दवाखान्यात नेलं. स्वरयंत्राला सूज होती. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके होते, आणि अर्धा तास समोर बसूनही ते मला दिसले नव्हते. गळ्यावर मात्र साधा ओरखडाही नव्हता. डॉक्टरांनी तिला दोन दिवस ठेवून घेतलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या बाईची काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर माझ्या नावाचीही होती.

सोलापुरात ज्या घरात मी वाढले, त्याच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमागाचा कारखाना होता. टॉवेल आणि चादरी. दिवसपाळी, रातपाळी, खटखट कधी थांबायची नाही. आम्ही सगळी भावंडं ओरडूनच बोलायचो. दोन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. वरच्या पट्टीतले आवाज माझ्या कानातून गेले आहेत. स, श, त, क ही अक्षरं पुसट झाली आहेत. लहानपणीचा माग आणि आताचं वय, दोन्हींनी मिळून हे केलं. यंत्र लावा म्हणाले. मी तो कागद कपाटात खाली घातला आणि कुणालाही सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही.

कारण माझं सगळं नाव या कानांवर होतं. पोलीस ठाण्यातले हवालदार नव्या पोरींना सांगायचे, ताईंसमोर खोटं बोलून चालत नाही, त्यांना आवाजावरून कळतं. हे ऐकायला मला आवडायचं. बाई “काही नाही, सहज आले” म्हणाली तर त्या ‘सहज’च्या आधीचा श्वास मला ऐकू यायचा. नवरा बाहेर बसला असला की बाईचा आवाज अर्धा चढून मध्येच थांबतो, तेही कळायचं. आणि सगळ्यांत मोठा अभिमान होता तो घोगऱ्या आवाजाचा. शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या बायका विड्या वळतात. पानं आणि तंबाखू घरी आणायची, हजार विड्या पुऱ्या झाल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या. तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते, त्यामुळे निम्म्या बायकांचा घसा धरलेलाच असतो. त्यातून तंबाखूचा घोगरेपणा कुठला आणि आवळलेल्या गळ्याचा कुठला, हे मला वेगळं करता येतं असं मी मानत होते. तंबाखूचा आवाज खालून येतो, जाड असतो, खोकल्यानंतर थोडा मोकळा होतो. आवळलेल्या गळ्याचा आवाज हवेसारखा असतो, शब्दाच्या शेवटाला विरतो. बाई खोकायला जाते आणि घाबरून थांबते. हे मी पोरींना शिकवायचे. त्या वहीत उतरवून घ्यायच्या.

गळ्याचं एवढं का, हे या कामातल्या कुणालाही सांगावं लागू नये. तरी सांगते, कारण माझ्याकडे अजूनही असे अर्ज येतात ज्यात दात पडल्याचं ठळक लिहिलेलं असतं आणि गळा धरल्याचं लिहिलेलंच नसतं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. सूज काही तासांनी वाढते. रक्तवाहिनीच्या आतल्या पदराला इजा झाली तर पक्षाघात काही दिवसांनीही होऊ शकतो, आणि तोवर बाई घरी भाकऱ्या थापत असते. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की जोडीदारानं आधी गळा आवळलेला असेल तर त्या बाईचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक असते. चापट मारणारा माणूस आणि गळा धरणारा माणूस एकाच रागाच्या दोन पायऱ्यांवर नसतात. गळा धरणारा तिला दाखवतो, की तुझा श्वास माझ्या हातात आहे.

आणि नेमकं हेच विचारता येत नाही. माझी तीस वर्षं या एका प्रश्नाभोवती गेली आहेत. “गळा दाबला का?” असं विचारलं की उत्तर येतं, नाही. बाई खोटं बोलत नसते. गळा दाबणं म्हणजे जीव घेणं, आणि ती तर जिवंत समोर बसली आहे. मग दाबला कसा म्हणायचं? तिच्याकडे दुसरे शब्द असतात. “भिंतीला लावलं.” “नरडं धरलं.” “जरा उचललं.” “अंगावर बसला होता.” यातला कुठला शब्द कुठल्या घरातला, हे आधी कळत नाही. ‘नरडं’ म्हटलं तर शाळेतली शिक्षिका अंग चोरते. ‘मान पकडली’ म्हटलं तर मागून मानगूट धरली असं समजून ती नाही म्हणते. आमच्याकडे पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात. तेलुगूत ‘गोंतू’ म्हणजे गळा आणि आवाजसुद्धा. मराठीतही गाणाऱ्याचा गळा असतोच. शब्दच दोन गोष्टी एकत्र बांधतो, आणि मला त्यातली एक सोडवून विचारायची असते. शिवाय गळा धरलेला असताना काही बायकांचे कपडे ओले झालेले असतात. ते तर त्या आईलाही सांगत नाहीत.

कागदही मदत करत नाही. घरगुती हिंसाचाराचा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. त्याच्या नियमांत बाईला तिचे हक्क समजावून सांगायचा एक नमुना आहे. त्यात मारण्याचे प्रकार एकेक करून दिले आहेत. मारहाण, थोबाडीत मारणं, चावणं, लाथ, गुद्दा, ढकलणं. गळ्याचं नाव नाही. तो शेवटच्या ‘इतर कोणत्याही प्रकारे’ या शब्दांत गेला आहे.

म्हणून मी विचारणं सोडलं आणि ऐकण्यावर भर दिला. निदान मी स्वतःला असं सांगत आले.

दुसऱ्या तालुक्यात माझ्याच वयाच्या एक बाई हेच काम करतात. त्या समोर छापील यादी ठेवतात आणि येणाऱ्या प्रत्येकीला त्याच क्रमानं तेच प्रश्न विचारतात. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकेतल्या परिचारिकेनं 1986 साली धोका ओळखण्यासाठी जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्या धर्तीवर त्यांनी आपली यादी मराठीत बांधली आहे. मी त्यांना वर्षानुवर्षं नावं ठेवली. ही काय जनगणना आहे का, असं मी भर बैठकीत बोलले आहे. समोरच्या बाईकडे बघायचं सोडून कागदाकडे बघतात, असं माझ्या मुलींना सांगितलं आहे. त्यांची मी अजून माफी मागितलेली नाही. हे लिहून झाल्यावर मागणार आहे.

पण ज्यांच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, असेही आहेत. दर 8 मार्चला कॉलेजात दोन तासांचं स्वसंरक्षण शिबिर होतं. अनोळखी माणसानं मागून धरलं तर कोपर कसं मारायचं, हे शिकवतात. ते शिकवावंच, मुलींना अंगात बळ वाटतं. पण माझ्यासमोर येणाऱ्या बायकांचा गळा ज्या हातानं धरलेला असतो, त्याच हातात रात्री त्यांनी जेवणाचं ताट दिलेलं असतं. तिथे कोपर उपयोगाचं नाही. तिथे कागदपत्रांची पिशवी शेजारणीकडे ठेवणं, भांडण वाढलं की स्वयंपाकघरातून दाराकडे सरकणं, मुलाला 112 लावायला शिकवणं हे उपयोगाचं. आणि समुपदेशन म्हणजे समेट असं मानणारे तर सगळीकडे वाढले आहेत. दोघांना समोरासमोर बसवायचं, त्याच्याकडून लिहून घ्यायचं, फोटो काढायचा. 1984 साली मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं बायकांसाठी पहिला विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून ज्यांनी हे काम घडवलं त्यांनी बाईची सुरक्षितता आधी आणि संसार नंतर, हा क्रम लावून दिला होता. तो क्रम उलटलेला बघते तेव्हा माझा आवाज चढतो. चढू दे.

दवाखान्यातून ती बाई बहिणीकडे गेली, नंतर घरी परत गेली. मंगळवारी येते. तिची पिशवी शेजारणीकडे आहे. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

मी मात्र आठवडाभर एकच म्हणत होते, कान गेले म्हणून चुकले. कान चांगले असते तर सुटलं नसतं. हे सिद्ध करायला म्हणून मी जुनी रजिस्टरं काढली, कान धड होते तेव्हाची. आणि माझ्याच अक्षरात सापडलं, ‘घसा बसलेला, तंबाखू.’ एकदा नाही. अकरा जागी. त्या अकरा जणींचा आवाज मला नीट ऐकू आला होता. ऐकून मी कारणही लिहून टाकलं होतं. पुढे विचारलेलं काही नव्हतं.

म्हणजे कानांचा दोष नव्हता. तो प्रश्न तोंडून काढायची मला भीती वाटत होती. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी दवाखाना, निवारा, बाईचं रडणं, हे सगळं अंगावर येणार. ऐकून ओळखते असं म्हटलं की मी कलावंत ठरत होते आणि प्रश्नही टळत होता.

आता मी यंत्र लावते. येणाऱ्या प्रत्येकीला विचारते, घसा कसाही असो. शब्द अजून सापडलेला नाही. सध्या म्हणते, “त्याचे हात कुठे कुठे होते ते मला तुमच्या हातानं दाखवाल का?” काही जणी खांदा दाखवतात, केस दाखवतात. काहींचा हात वर येतो, गळ्याशी थांबतो, आणि त्या स्वतःच चकित होऊन त्या हाताकडे बघतात. पण काहींचा हात मांडीवरून हलतच नाही. त्यांच्यासाठी कसं विचारायचं, ते मला आजही येत नाही.

देशाच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत 18 ते 49 वर्षांच्या, लग्न झालेल्या शंभरातल्या सुमारे 29 बायकांनी नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागायला गेलेल्या शंभरात 14. माझ्या त्या अकरा जणी या चौदातल्या होत्या. दारापर्यंत आल्या होत्या.

त्यांना आम्ही फोन लावतो आहोत. तोही सरळ लावता येत नाही. नवऱ्यानं उचलला तर काय, म्हणून बचत गटाच्या बैठकीचं निमित्त सांगतो. फोनवरचं बोलणं मला यंत्र लावूनही नीट कळत नाही, म्हणून मुलगी बोलते आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसते. आतापर्यंत चौघी भेटल्या. तीन क्रमांक आता दुसऱ्याच कुणाचे आहेत. काल आठवा लावला. पलीकडे कुणीतरी उचलला. मुलीनं बाईंचं नाव घेतलं, थोडा वेळ ऐकलं, आणि मान खाली घालून माझ्याकडे न बघता म्हणाली, “बरं आजी. कधी?”