कानउघाडणी

आपल्या भाषेने कानाचे जितके हाल केले आहेत तितके दुसऱ्या कुठल्याही अवयवाचे केले नसतील. तो उपटतात, पिळतात, फुंकतात, त्याला खडा लावतात. आणि एखाद्या गोष्टीकडे बघायचे नसले म्हणजे त्याचाच डोळा करतात. नाकाचे तसे नाही. नाकाकडे घराण्याची अब्रू सांभाळायला दिली आहे. कान आपला बाजूला, केसांच्या आड, बोलणी खायला ठेवलेला! ह्या सगळ्या शब्दांत ‘कानउघाडणी’ हा शब्द मला लहानपणापासून गमतीचा वाटे. कान तर जन्मतःच उघडे असतात, ते आणखी काय उघडायचे, हा प्रश्न मला सुटत नसे. तो सुटायला वयाचे एकोणसत्तरावे वर्ष उजाडावे लागले. २०२४ साली मी माझे बुजत आलेले कान उघडून घेतले. अगदी शब्दशः.

माझे कान बाराव्या दिवशी टोचले, असे आई सांगे. सोनार घरी आला, त्याने सोन्याची बारीक तार पाळीतून आरपार ओवली, तिलाच पीळ देऊन कडे केले, आणि नारळ, तांदूळ व दक्षिणा घेऊन तो गेला. मी किती रडले ह्याबद्दल घरात दोन मते होती. हा विधी फार जुना. सोळा संस्कारांत कर्णवेध मोजतात, आणि सुश्रुतसंहितेत तर त्यासाठी एक अध्यायच आहे. मूल सहा-सात महिन्यांचे झाले की त्याला दाईच्या मांडीवर बसवावे, खेळण्याने रिझवावे, पाळी उन्हात धरावी, आणि जिथून ऊन आरपार दिसते तिथे, दैवानेच ठेवलेल्या त्या जागी, टोचावे. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा आधी डावा. मग छिद्रात कापसाची वात घालून ठेवायची, तेल सोडायचे, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड वात घालत जायची. जड दागिन्यांनी कान फाटला तर तो जोडायचे पंधरा प्रकारही सुश्रुताने सांगून ठेवले आहेत. बायकांच्या हौसेचा अंदाज त्या ऋषीला चांगलाच होता म्हणायचे! पण बायकांच्याच कशाला? पुरुषांनीही भिकबाळी मिरवलीच की.

आमच्या शाळेत मात्र सोन्याच्या रिंगा घालून येणाऱ्या मुली थोड्या. बाकीच्यांच्या कानांत कडुलिंबाची काडी असे, नाहीतर केरसुणीची. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. सोने यायचे तेव्हा येईल, तोवर वाट मोकळी राहिली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. भोक बुजू द्यायचे नाही, एवढे प्रत्येकीला आईने बजावलेले असे. बुगड्या, वेल, झुबे, काप, डूल ही नावे आम्ही खेळातल्या भातुकलीसारखी उच्चारायचो, आणि काडी फिरवायचो.

१९७८ साली लग्न होऊन मी मिरजेला आले तेव्हा सासूबाईंनी आपल्या मोत्यांच्या कुड्या माझ्या कानांत घातल्या. मध्ये एक मोती, भोवती सहा, मागे मळसूत्राची फिरकी. सासूबाईंचे स्वतःचे कान तेव्हा सात वर्षे रिकामे होते. मामंजी १९७१ साली गेले. त्या वेळी त्या अडतीस वर्षांच्या होत्या. नवरा गेल्यावर बाईने काय काय काढायचे ह्याची रीत घराघरांत निराळी. कुठे कुंकवावर आणि मंगळसूत्रावर भागे, कुठे बांगड्याही जात. आमच्या घरात कानांतलेही जात असे. मोत्यांनी माझे कान भरताना त्या हसत होत्या, आणि मला त्यांच्या कानांकडे बघवत नव्हते.

तेहेतीस वर्षे मी त्या कुड्या वापरल्या. २०११ साली हे आजारी पडले. रुग्णालयात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर, मी अकरा रात्री काढल्या. कुशीवर झाले की फिरकी मानेत रुते. शिवाय झोपेत कुणी काढून नेईल ही धास्ती. म्हणून तिसऱ्या रात्री मी कुड्या उतरवल्या आणि रुमालाच्या गाठीत बांधल्या. बाराव्या दिवशी हे गेले.

त्यानंतर मला कानांतले काढ असे कुणीही म्हणाले नाही. ते आधीच काढलेले होते. आणि घाल असेही कुणी म्हणाले नाही. आमचे घर सुधारलेले. मुलाने आपण होऊन सांगितले, ‘आई, टिकली लावत जा.’ मी लावत राहिले. कानांचा विषय मात्र कुणाच्या ध्यानातच आला नाही. रूढी मोडायची तर ती समोर येऊन उभी तरी राहावी लागते. आमच्याकडे ती रुमालाच्या गाठीत गुपचूप बसून राहिली. पुढे गाठ सुटली, कुड्या डबीत गेल्या, डबी कपाटात गेली. कपाटात हात घातला की ती बोटांना लागे. पण समोरच्या खुर्चीत सासूबाई बसलेल्या असत. ज्या बाईने अडतिसाव्या वर्षी कान मोकळे केले आणि आपले मोती मला दिले, तिच्या समोर मी साठीकडे झुकल्यावर ते घालून कशी वावरू? अडवत कुणीच नव्हते, आणि डबी उघडत नव्हती.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या जवळच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे, जोडवी उतरवणे, हे गावात ह्यापुढे होऊ द्यायचे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढले आणि इतर ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितले. ती बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून सगळी ऐकली आणि एवढेच विचारले, “आणि कानांचं?” बातमीत कानांचे काही नव्हते. “नाही हो,” मी म्हटले. त्यांनी “हं” केले. तो विषय तिथेच थांबला.

मग घरात नात आली. तिच्या लशी झाल्यावर, सातव्या महिन्यात, तिचे कान टोचले. मुलाने डॉक्टरांना विचारून मुहूर्त काढला, तरी तो नेमका सुश्रुताने सांगितलेल्या महिन्यात आला! कानांत इवल्या बाळ्या आल्यावर त्या पोरीला जगात कान नावाची वस्तू आहे हे उमजले. ज्याच्या कडेवर जाईल त्याचा कान धरायची. आईचे डूल तर तिने दोनदा ओढले. एका दुपारी माझ्या खांद्यावर असताना तिने माझी पाळी चाचपली, पुन्हा चाचपली, काही लागले नाही तेव्हा सोडून दिली, आणि माझ्या चष्म्याकडे वळली. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून सांगलीच्या सराफकट्ट्यावर गेले.

पहिले दुकान काचेचे आणि थंडगार. तिथल्या मुलीने माझे कान पाहिले आणि म्हणाली, “आजी, ही बंद झालीत. मशीननं शेजारी नवीन पाडून देते, दोन मिनिटांत.” शेजारी नवीन पाडायला काय ती कूपनलिका आहे? मी खाली उतरले आणि गल्लीतल्या एका जुन्या सोनारांकडे गेले. वय माझ्याच बरोबरीचे. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, दिवा जवळ ओढला, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

“वहिनी, पुढून उघडं आहे,” ते शेवटी म्हणाले. “मागून कातडं धरलंय. नव्यानं टोचलेला कान चार दिवसांत बुजतो, पण तुमच्यासारखा वर्षानुवर्षं वागवलेला कान सहसा पुरता बुजत नाही. आतली वाट तशीच असते.”

हे खरेच तसे आहे, असे पुढे डॉक्टरीणबाईंनीही सांगितले. टोचलेल्या भोकाच्या आतल्या बाजूला हळूहळू त्वचेचेच अस्तर तयार होते. ते एकदा पक्के झाले की कान रिकामा राहिला तरी वाट आक्रसते, तिच्यात मेण साचते, तोंडाशी पातळ पडदा धरतो. पण वाट मोडत नाही. घाईने दामटले, तर मात्र टोक जुनी वाट सोडून शेजारच्या मांसात शिरते, आणि मग सूज, पू, सगळे ओघाने आलेच.

सोनारकाकांनी डाव्या पाळीला तेल लावले, बोटांनी चोळून ती मऊ केली आणि बोथट टोकाची तार पुढून हलकेच सरकवली. ते बोलत होते. त्यांचे वडीलही ह्याच पेढीवर बसत. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले, चौदा कॅरेटहून चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली, आणि देशभरच्या सोनारांच्या हातचे काम गेले. “त्या दिवसांत आमच्या घरची चूल वडिलांनी कान टोचून पेटती ठेवली. कानाला कायदा नव्हता.” पुढे १९६८ चा कायदा झाला, तो १९९० साली रद्द झाला, हेही त्यांनी तारेइतक्याच सावकाशीने सांगितले. तेवढ्यात मागच्या बाजूला मुंगी चावल्यासारखे झाले आणि तार बाहेर आली.

उजव्या कानाला मात्र त्यांनी हात लावला नाही. “साखर आहे का तुम्हाला?” त्यांनी विचारले. मी हो म्हटले. “मग हा मी करणार नाही. ह्याचा पडदा जाड आहे. डॉक्टरांकडे जा.” सोनारानेच कान टोचावेत, अशी आपली म्हण. आणि सोनारच म्हणतो डॉक्टरांकडे जा! पण म्हण काही खोटी पडली नाही. ज्याचे काम त्याने करावे, एवढाच तिचा अर्थ. आणि आपले काम कुठे संपते हे त्या गृहस्थांना ठाऊक होते. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भुलीचे बारीकसे इंजेक्शन देऊन, निर्जंतुक सुईने, जुन्या वाटेवरचाच पडदा उघडला. सहा आठवडे तरी सोन्याच्या बारीक बाळ्याच ठेवा, रोज मिठाच्या स्वच्छ पाण्याने पुसा, आणि खोटे दागिने घालू नका, त्यातल्या निकेलने कान चिडतो, असे बजावले. कुड्यांची दांडी जाड. ती मागाहून, भोक सवयीचे झाल्यावर. म्हणजे आज बारीक, पुढे जाड: सुश्रुताचीच वात!

घरी आले ती कानांवरून पदर घेऊन. सासूबाई तेव्हा एक्क्याण्णव वर्षांच्या. डोळ्यांना अंधुक दिसते, पण घरातली हवा बदललेली त्यांना आधी कळते. दिवेलागणीला त्यांनी हाक मारली, “इकडे ये. कानाला काय झालंय तुझ्या?”

मी जवळ जाऊन बसले. त्यांनी पदर बाजूला सारला. त्यांची बोटे थंड होती. डावी पाळी चाचपली, मग उजवी. माझ्या छातीत धडधडत होते, लग्नातदेखील इतके धडधडले नव्हते.

“उजवा सुजलाय,” त्या म्हणाल्या. “खोबरेल लाव.” आणि मग माझा हात धरून त्यांनी तो आपल्या कानापाशी नेला. पाळी लोंबलेली, जुन्या लुगड्याच्या पदरासारखी मऊ. तिच्या मधोमध माझ्या बोटाला भोक लागले. आरपार.

“बुजलं नाही?” मी विचारले. “त्रेपन्न वर्षांत?”

“बुजेल कसं? न्हायच्या दिवशी काडी घालते ना. केरसुणीची. पुसून, तेल लावून.”

“पण कशाला, आई?”

“कशाला म्हणजे?” त्यांनाच माझा प्रश्न विचित्र वाटला. “कान बुजू द्यायचे नसतात.”

शेहेचाळीस वर्षे मी त्या घरात त्यांच्याबरोबर राहिले. त्यांच्या औषधांच्या वेळा मला पाठ, त्यांना भाकरी कशी लागते ते पाठ. आणि न्हाणीघराच्या दाराआड दर आठवड्याला काय चालते, ह्याचा मला पत्ता नव्हता. ते बंड होते की आशा, की आईने लहानपणी बजावलेली नुसती शिस्त, हे मी त्यांना विचारले नाही. त्यांनी त्याला कुठलेही नाव दिले नसते. त्यांच्यासमोर नको म्हणून मी तेरा वर्षे डबी मिटून ठेवली, आणि त्यांनी मात्र वाट मोकळी ठेवली होती.

“मग तुम्ही घालणार?” मी जरा वेळाने म्हटले. “कुड्या तुमच्याच आहेत.”

“मोती नकोत. पाळी ओघळलीय, वजन पेलायची नाही. हलक्या बाळ्या आण. आणि पैसे माझ्या पेन्शनीतले घे, तुझे नकोत.”

बाळ्या आणल्या. सोनारकाका घरी आले, त्यांनी भिंग लावून सासूबाईंचे कान पाहिले आणि म्हणाले, इथे मला काही कामच नाही. बाळ्या नुसत्या सरकवल्या. त्यांनी मजुरी घेतली नाही. सासूबाईंनी त्यांना नारळ आणि तांदूळ दिले.

माझ्या कुड्या पौषात कानांत आल्या. त्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आम्ही दोघी एकाच सतरंजीवर बसलो होतो. डाळ-पन्हे झाले, आणि नात्यातल्या एका बाईंनी सासूबाईंच्या कानांकडे पाहत मला हळूच विचारले, “हे आता? ह्या वयात?” मी उत्तर शोधत होते. सासूबाईंना दिसत कमी असले तरी ऐकू चांगले येते. त्या म्हणाल्या, “डाळ आणखी घ्या, यंदा कैरी आंबट आहे,” आणि द्रोण त्यांच्या पुढे सरकवला. त्या हालचालीने त्यांच्या बाळ्या जराशा हलल्या. बाईंनी डाळ घेतली.