मागे वळून पाहा

परवाची गोष्ट. धुळ्याला वर्गात गो. नी. दाण्डेकरांच्या ‘माचीवरला बुधा’विषयी बोलत होतो. मुंबई सोडून राजमाचीवर एकटा राहावयास आलेला तो म्हातारा आणि त्याचे रानातले सोबती! असा विषय निघाला की मास्तर जरा रंगतोच. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, असा म्हातारा तुम्ही कधी पाहिलाय?’

‘छे!’ मी म्हणालो आणि पान उलटले.

शनिवारी एस. टी.ने जळगावला घरी निघालो. पारोळे गेले, एरंडोल आले, तरी ते ‘छे’ काही गळ्याखाली उतरेना. वाचकहो, मास्तराला लहानसहान खोटे बोलण्याची सवय असते. ‘पुढच्या तासाला सांगतो’ हे त्यातलेच. पण हे खोटे तसले नव्हते.

1988 साली आई गेली आणि अण्णांनी मला आपल्याबरोबर नेले. चोपडे तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर ते शिक्षक होते. मी आठ वर्षांचा. पाड्यावरची पोरे पावरी बोलत. मला ती कळत नसे. दुपारी शाळेमागच्या अंजनाखाली मी एकटाच रडत बसे. एके दिवशी काठी टेकीत एक म्हातारा पावरा समोर येऊन उभा राहिला. बाजारहाटापुरती त्याला अहिराणी येत होती.

‘पोऱ्या, कसाले रडस?’

मी काहीच बोललो नाही. त्याने अंजनाचे एक पान तोडून माझ्या हातावर ठेवले. अंजनाला एका देठावर दोन पाती असतात, जुळ्या भावंडांसारखी. मी ती न्याहाळीत राहिलो आणि रडायचे विसरलो. मग तो चालू लागला, आणि मीही त्याच्या मागे निघालो.

त्याचा मुलगा यावलकडे केळीच्या बागांत मजुरीला गेला होता. झोपडीत म्हातारा एकटा. मी त्याला ‘बाबा’ म्हणू लागलो. त्याने मला काय शिकविले? चैत्रात पहाटे मोह वेचायला जाताना खाकरत, बोलत जायचे. कारण मोहाच्या फुलांवर अस्वलाचाही जीव असतो, आणि अस्वलाला दचकविणे बरे नाही. साग, सालई, धावडा साल चाचपून ओळखायचे. पण सगळ्यांत मोठा धडा वाटेचा. थोडे चालून झाले की तो थांबे आणि म्हणे, ‘मांगे दख.’ मागे वळून पाहा. जाताना रान एक दिसते, येताना दुसरेच. ज्याने जातानाच मागे पाहून ठेवले, तो चुकत नाही. पुढे एम. ए. झालो, पण इतक्या थोड्या शब्दांत इतके शिकविणारा गुरू पुन्हा भेटला नाही.

दोन नाले ओलांडले की त्याचे शेत लागे. शेत कसले, रानातली नेवाड जमीन! कागदावर तिला मालक नव्हता. दगड वेचून त्याने तुकडा सारखा केला होता आणि त्यात ज्वारी उभी होती. तिथे कोणाला आणायचे नाही, असे तो मला कधी म्हणाला नाही. माझ्यावर त्याचा विश्वास होता, की माणूस म्हणजे काय चीज आहे हेच तो विसरला होता, कोण जाणे!

1989 च्या दिवाळीआधी अण्णांकडे एक पाहुणे आले. पायांत बूट, बोलणे गोड. त्यांचे खाते कोणते, हे आता सांगून काय उपयोग? त्यांनी विचारले, ‘बाळ, रानाची तुला भीती नाही वाटत?’ माझी छाती फुगली. ‘बाबांच्या शेतापर्यंत मी एकटा जातो. दाखवू?’

आणि मी दाखविले. दोन नाले, तिरकी सालई, वाकडा धावडा. एकदाही चुकलो नाही.

चार दिवसांनी त्या ज्वारीत गुरे घातली गेली. झोपडीची लाकडे उचलून नेली. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा शाळेच्या ओट्यापाशी आला. मी दाराआड लपलो. त्याने ओट्यावर दोन सीताफळे ठेवली आणि दाराकडे पाहून म्हणाला, ‘वाट बरोबर दखाडी तू. भुलना नही.’

एवढेच बोलून तो मुलाकडे, केळीच्या मुलखात निघून गेला. मी मॅट्रिकला असताना तो वारल्याचे कळले.

2006 साली वनहक्क कायदा झाला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासी जी वनजमीन कसत होते, तिच्यावरचा त्यांचा हक्क, चार हेक्टरच्या मर्यादेत, त्याने मान्य केला. त्याचे नियम मी एकदा मुद्दाम मिळवून वाचले. पुराव्यांच्या यादीत कागदपत्रांबरोबर आणखी एक गोष्ट आहे: वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आणि लिहून घेतलेले निवेदन. वाचता वाचता थांबलो. म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाला सरकारदरबारी किंमत यायला इतकी वर्षे लागली. आठ वर्षांच्या पोराच्या शब्दाला मात्र ती एका सकाळीच आली होती!

सोमवारी वर्गात गेलो आणि सगळे सांगून टाकले. वर्ग गप्प होता. मग त्याच मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, त्यांनी तुम्हाला क्षमा केली की टोमणा मारला?’

इतकी वर्षे मीही स्वतःला हेच विचारीत आलो आहे. पण त्या दिवशी, खडू हातात धरून उभा असताना, निराळेच वाटले. तो शिकविणारा होता. शिष्याने उत्तर बरोबर लिहिले, तर त्याला ‘बरोबर’ म्हणावेच लागते. मग त्या उत्तराने आपले घर का जाईना. त्याने मला पुरे गुण दिले.

तेच गुण मला आजवर पचलेले नाहीत.