मेंढा (लेखा) : एकमताने राखलेले वन

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालेला रस्ता रानातून जातो. धानोरा तीनएक किलोमीटर उरले असता मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर उंबऱ्यांचे गोंड वस्तीचे गाव लागते. गावाभोवती बांबू, मोह आणि तेंदूचे रान आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची.

वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडावे लागले. तोवर गाव खचले नाही, कारण त्याची घडण त्यापूर्वीच झाली होती.

येथे ग्रामसभा म्हणजे निवडून दिलेले चार पंच नव्हेत. गावातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुष म्हणजे ग्रामसभा. निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. या रीतीने वेळ लागतो, परंतु हरलेला पक्ष मागे उरत नाही. आणि रात्री कुऱ्हाड घेऊन रानात शिरतो तो बहुधा हरलेलाच असतो. ज्याने नियम केला, तोच त्याचा राखणदार होतो. निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतात. मधमाश्यांना न जाळता मध काढण्याची अहिंसक रीतही गावाने अशा अभ्यासातूनच स्वीकारली.

गाव लहान, समाज एक, गरिबी-श्रीमंतीचे अंतर थोडे. त्यामुळे एकमत सुलभ झाले, हे मान्य करावेच लागेल. जेथे जातींच्या आळी वेगळ्या आणि सारी जमीन मोजक्या घरांकडे आहे, तेथे वनसमिती सहज बलवंतांची होते. सरपणावर जगणाऱ्या स्त्रीला मग चराईबंदी आणि तोडबंदी एवढेच वाट्याला येते, आणि बंदीचे ओझे वाहणारे हात वन राखीत नाहीत.

परंतु केवळ एकजिनसीपणाने मेंढा घडले नाही. २०१३ मध्ये ग्रामस्थांनी ग्रामदान कायद्याखाली आपापल्या शेतजमिनीची मालकी ग्रामसभेला अर्पण केली. कसणारे हात तेच राहिले. ‘माझे’ हा शब्द तेवढा सैल झाला.

वृक्षारोपणाचे आकडे सर्वत्र मोजले जातात. मेंढ्याहून परतणाऱ्याने मात्र आपल्या गावाच्या बैठकीकडे पाहावे : शेवटच्या ओळीत बसलेल्या बाईचा नकार तेथे ऐकला जातो काय? रानाचे भवितव्य त्या उत्तरात आहे.