हमखास दर्शन

मराठीच्या प्राध्यापकाला लोक तीन कामांसाठी विचारतात: मंगलाष्टका, एकसष्टीचे मानपत्र आणि सोसायटीच्या अहवालातील ऱ्हस्व-दीर्घ. चौथे काही काम निघेल अशी माझी अपेक्षा नव्हती. पण 2024 सालच्या जानेवारीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. हा गृहस्थ बी. ए.ला शेवटच्या बाकावर बसून माझ्या तासाला स्वस्थ झोपत असे. आता तो एका प्रवासी कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर आहे.

"सर, केनियाचं माहितीपत्रक काढतोय. या महिन्यापासून त्यांनी व्हिसाची भानगड काढून टाकलीय, गर्दी होणार. इंग्रजी मजकूर आहे, पण आमचं गिऱ्हाईक दादर, डोंबिवली, कोथरूडचं. त्याला भिडेल असं मराठी हवंय."

"अरे, पण मी केनिया पाहिलेला नाही."

"त्यात काय, सर? तुम्ही आम्हाला पानिपत शिकवलंत तेव्हा पानिपत कुठे पाहिलं होतं?"

हे उत्तर मला आवडले, इथेच माझे चुकले. कॉलेजातून आल्यावर चहा घेऊन मी बैठक मारली आणि दोन संध्याकाळींत केनिया लिहून काढला. अभ्यास केला नाही असे मात्र नाही. या देशाने 1977 साली शिकारीला बंदी केली. तरी चोरटी शिकार थांबेना, हत्ती हजारांनी मरू लागले. तेव्हा 1989 च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी जप्त केलेल्या बारा टन हस्तिदंताची नैरोबीत जाहीर होळी केली. ही नैरोबी म्हणजे राजधानी, आणि तिच्या वेशीला लागूनच 1946 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे जिराफाच्या मानेमागे उंच इमारती दिसतात. सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा या ज्या 'बिग फाइव्ह'चा पर्यटक जप करतात, ते पंचायतन मुळात शिकाऱ्यांचे: पायी गाठून मारायला सर्वांत धोक्याची पाच जनावरे. बंदूक गेली, कॅमेरा आला, यादी तीच राहिली. आपली जनावरे मारू न देता नुसती दाखवून एखाद्या देशाने संसार चालवायचे ठरवावे, ही गोष्ट मला फार सभ्य वाटली. ती अजूनही वाटते, हे इथेच सांगून ठेवतो. पुढचे वाचून कुणाचा गैरसमज नको.

'सफारी म्हणजे आपली सफरच!' असा मी मथळा दिला. दोन्ही शब्द अरबीतून आलेले; एक आपल्याकडे उतरला, दुसरा स्वाहिलीत. विद्यार्थी खूष झाला. नंतर त्याने माझी 'विलोभनीय', 'नयनमनोहर' वगैरे मंडळी एकेक करून बाहेर काढली आणि म्हणाला, "सर, गिऱ्हाईक एकच विचारतं, नक्की काय दिसणार?"

तेव्हा मी लिहिले, 'चित्त्याचे हमखास दर्शन, आणि दैव अनुकूल असेल तर त्याची शिकारही, तुमच्या डोळ्यांदेखत!' यातले 'दैव अनुकूल असेल तर' जागेअभावी गळाले. मुद्रित मी पाहिले होते. ओळ सुटसुटीत झाली असेच मला तेव्हा वाटले.

सिंह सोडून मी चित्ताच का धरला, त्यालाही कारण आहे. आम्ही मूळचे कोल्हापूरचे. संस्थानच्या चित्तेखान्यातले चित्ते आजोबांनी लहानपणी पाहिले होते. डोळ्यांवर कातडी टोप्या घातलेले ते चित्ते गाडीतून शिकारीला निघत आणि रस्त्याकडेची पोरे श्वास रोखून उभी राहत. आपल्याकडचे चित्ते कमी पडू लागले तेव्हा संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणवले. पुढे 1952 साली आपल्या देशातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले आणि 2022 च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते विमानाने कुनोत आले. ज्याला इंग्रजीसुद्धा आपल्याच शब्दाने हाक मारते, ते जनावर आपण पाहुणे म्हणून बोलावतो! असो. आजोबांनी पाहिले ते एकदा मोकळ्या रानात पाहावे, अशी माझी इच्छा होती. तीच मी माहितीपत्रकात दुसऱ्यांच्या नावावर लिहिली.

लेखनाचा मोबदला म्हणून मला आणि सौ.ला सहलीत निम्म्या दरात जागा मिळाल्या. ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. आमच्या गाडीत सहा जण: आम्ही दोघे, पुण्याचे एक डॉक्टर दांपत्य, हातभर लांब भिंगाचा कॅमेरा गळ्यात घातलेला एक तरुण, आणि साताऱ्याकडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळे 'बाई'च म्हणू लागले. आमचा चालक त्यांना अदबीने 'मामा' म्हणे. स्वाहिलीत वडीलधाऱ्या स्त्रीला तसे म्हणतात हे कळेपर्यंत बाई बुचकळ्यात पडल्या होत्या. "हा मला कुठल्या नात्यानं मामा करतोय?"

रिफ्ट दरीचा घाट उतरताना बाईंनी पर्समधून घडी घातलेले माझे माहितीपत्रक काढले. घडीवर ते फाटत आले होते. "सर, हे तुम्ही लिहिलंत ना? तुमचा विद्यार्थी म्हणाला. मी एक ठेव मोडली हो. यजमान होते तेव्हा आम्ही दोघं जायचं म्हणत होतो. ते गेले. मग हे हाती आलं. यात 'हमखास' म्हटलंय, मग म्हटलं, पैसे वाया जायचे नाहीत."

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी दरीकडे पाहू लागलो.

मसाई मारा हे नावही गमतीचे. आपल्या कानाला ते आज्ञार्थी क्रियापद वाटते, पण मसाई लोकांच्या भाषेत 'मारा' म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे. पिवळ्या गवताच्या अफाट माळावर झाडाझुडपांचे ठिपके टाकावेत तसे ते दिसते. आपल्या चित्त्याचे नावही संस्कृतातल्या 'चित्रक'वरून, म्हणजे तोही ठिपक्यांचाच! हे मी उत्साहाने गाडीत सांगितले. डॉक्टर 'वा' म्हणाले आणि झोपी गेले.

वाळिंब्यांचे कळप आम्ही पाहिले. सेरेंगेटीतून दरवर्षी लाखो जनावरे गवतामागून इकडे येतात. त्यांचे कळप क्षितिजापर्यंत पसरतात आणि सतत हुंकारत असतात. त्यांना मराठीत 'वाळिंबे' म्हणावे असे मी सुचवून पाहिले. सौ. म्हणाली, शेजारचे वाळिंबे ऐकतील. मी वाइल्डबीस्टवर परत आलो. हत्ती झाले, सिंह झाले, वारुळावर पहारेकऱ्यासारखी उभी राहणारी टोपी हरणे झाली. चित्ता काही दिसेना. दोन दिवस गेले. बाई काही बोलत नसत, पण परत येताना घडी उघडून एकवार पाहत. माझा जेवणावरचा हात उडाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चालकाच्या रेडिओवर खरखर झाली. 'दुमा' एवढाच शब्द मला कळला. दुमा म्हणजे चित्ता. गाडी वळली. दूरवर माळावर गाड्यांचे कोंडाळे दिसले, जत्रेत डोंबाऱ्याभोवती असते तसे. आम्ही मोजल्या, चौदा. आमची पंधरावी.

आणि मधे ती होती. चित्त्याची मादी, पोट पाठीला लागलेले, डोळ्यांपासून ओठांपर्यंत उतरलेल्या त्या दोन काळ्या रेघा. गवतात तिची तीन पिल्ले. दीडदोनशे पावलांवर छोट्या हरणांचा कळप होता, चालक ज्यांना 'टॉमी' म्हणतात ती. ती उठली, मान खाली घालून सरकू लागली. मला आजोबा आठवले. तेवढ्यात पलीकडची एक गाडी नीट दिसावे म्हणून पुढे झाली, तिच्यामागून दुसरी. हरणांनी माना वर केल्या आणि पाहता पाहता माळ मोकळा झाला. ती परत येऊन गवतात बसली. पिल्ले तिला ढुशा देऊ लागली. एक पिल्लू पाखरासारखे चिवचिवले. चित्त्याला डरकाळी नसते.

"सकाळपासून तिसऱ्यांदा," चालक हलकेच म्हणाला. "काल रात्रीही तिचं पोट असंच होतं."

कॅमेरेवाला तरुण म्हणाला, "आपण उजवीकडून पुढे घेऊ. पुन्हा उठेल ती." डॉक्टरही म्हणाले, "इतके पैसे भरलेत." ते खोटे नव्हते. त्या जुलैपासून तिथे परदेशी माणसाला दिवसाचे दोनशे डॉलर पडत होते, म्हणजे तेव्हाचे आपले सोळा-सतरा हजार रुपये. चालकाने आमच्याकडे वळून पाहिले. एका जनावराजवळ पाचच गाड्या, हा तिथला नियम फलकावरच लिहिलेला होता. पण नियम सांगणाऱ्या चालकाला बक्षिशी कमी मिळते आणि तक्रार मात्र पुरी होते, हेही त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

त्या क्षणी कुणी बोलायला हवे असेल तर ते मी. कारण त्या पंधराव्या गाडीला तिथे मी आणले होते. मी गप्प राहिलो. खरे सांगायचे तर तिने पुन्हा उठावे असे मलाही वाटत होते.

बाई म्हणाल्या, "मागे घ्या गाडी." आवाज मुख्याध्यापिकेचा होता. "माझ्या शाळेत उपाशी पोरं यायची, त्यांच्या आया मला ठाऊक आहेत. ती तिथं बाजार करायला आलीय आणि आपण दुकानाच्या दारात उभे. मला हमखास दर्शन झालं. चला."

तरुण चिडला. "तुमचं झालं असेल, बाई." पण चालकाने 'मामा'चा हुकूम ऐकल्यासारखी गाडी मागे घेतली, आणि त्या घाईत त्याला किती बरे वाटले होते ते दिसत होते. दुसरी कुठलीही गाडी हलली नाही. कॅमेऱ्याचा तरुण मुक्कामापर्यंत आमच्याशी बोलला नाही, आणि त्याचे पूर्ण चुकले असे मला आजही म्हणता येत नाही. त्यानेही तेच माहितीपत्रक वाचले होते.

संध्याकाळी तंबूबाहेर शेकोटीपाशी चालक बसला होता. मी त्याला विचारले, "आम्ही आलोच नाही तर बरं, नाही का?" तो हसला. 2020 साली कुणीच आले नव्हते, तेव्हा तो गावी भाजी लावून दिवस काढत होता. अभयारण्याभोवतीच्या जमिनी मसाई कुटुंबांच्या. त्या जनावरांसाठी मोकळ्या ठेवायच्या बदल्यात त्यांना दरमहा भाडे मिळते, आणि ते पाहुण्यांच्या पैशातून येते. त्या वर्षी तेही आटले. "तुम्ही आला नाहीत तर कुंपणं येतील, साहेब. या. पण सगळे एकाच जनावरापाशी येऊ नका."

परतल्यावर मी थोडे वाचले. माराच्या चित्त्यांवरचा एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला आहे. जिथे पर्यटक कमी तिथे एका विणीतली सरासरी दोनहून अधिक पिल्ले मोठी होऊन आईपासून वेगळी झाली. जिथे गर्दी जास्त, तिथे पाच विणींमागे एखादेच. हे आकडे मी वहीत उतरून घेतले आणि विद्यार्थ्याला बोलावले.

तो पेढे घेऊन आला; केनियाच्या जागा सगळ्या भरल्या होत्या. मी 'हमखास' काढ म्हणालो. त्याने डोके खाजवले. "सर, समोरचे लोक आता दोन शिकारी लिहितात." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं एक वाक्य घालतो." मी वाक्य लिहून दिले: एका जनावराजवळ पाचच गाड्या थांबतील, सहावी आपली असेल तर आपण पुढे जाऊ, आणि त्याबद्दल चालकाला बोल लावू नये.

गेल्या महिन्यात नवे माहितीपत्रक आले. 'हमखास' जागच्या जागी, लाल अक्षरांत. माझे वाक्य सापडेना, म्हणून मी विद्यार्थ्याला फोन लावणार, तोच साताऱ्याहून बाईंचा आला.

"सर, पत्रक मिळालं. चष्म्यानं नाही दिसलं, मग यजमानांचं भिंग काढलं. शेवटच्या पानावर, अटींच्या खाली, अकरावं आहे बघा. पण तुमच्या त्या 'बोल'मधला ऱ्हस्व-दीर्घ की काय, काहीतरी चुकलंय."

'बोल'मध्ये ऱ्हस्व-दीर्घ चुकायला जागाच नाही. तरी मी भिंग शोधायला उठलो.